पालथा हंडा आणि ससाण्याची गोष्ट

मित्रांनो, जुना मी आहेच, ते काही लपत नाही. बिडाचा हंडा, तीन पायांचा, दोन कानांचा, त्यातला एक कान उडालेला. हल्ली मला पांढरा रंग फासलाय आणि पोटात माती भरून लाल फुलं लावलीत. मोठ्या घराच्या पायरीशी मी बसलेला असतो. लोक येतात, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि म्हणतात, "किती गोड!" मी आयुष्यभर चरबी, राख आणि मळके कपडे उकळले. माझ्यात गोड काय आहे, हे मला तरी अजून समजलेलं नाही.

असो. बोलायला मिळतंय तर सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म ओतशाळेतला. ओल्या वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड ओतलं आणि थंड झाल्यावर साचा फोडून मला बाहेर काढलं. माझा एक पाय जरासा तिरपा आला होता. एक कामगार म्हणाला, "हा वाया गेला." दुसरा म्हणाला, "राहू दे रे, कपडे उकळायला काय सरळ पाय लागतात?" एवढ्यावर मी पास झालो आणि बैलगाडीत बसून अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात आलो, नदीकाठच्या हॅस्केल मालकाच्या कापसाच्या मळ्यावर.

मळ्यावर मालक होता, टल नावाचा मुकादम होता, आणि राबणारी काळी माणसं होती. ती माणसं मालकाची होती. म्हणजे जसा मी मालकाचा, खेचरं मालकाची, तशीच ती. विकत घेतलेली आणि मनात आलं की विकता येणारी. मला सुरुवातीला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण भांड्याला मालक असायचाच. मग एकदा एका बाईचं पोर व्यापाऱ्याच्या गाडीत बसवताना पाहिलं. ती बाई माझ्या कानाला धरून उभी होती. तेव्हापासून मी माणसाची आणि भांड्याची तुलना करणं सोडलं.

माझं काम भरपूर होतं. सोमवारी कपडे, मध्ये साबण, थंडीत डुकरं कापली की चरबी, आणि अधूनमधून राखेच्या पाण्यात मका. स्वयंपाकघरातली फिबी मावशी फार फटकळ. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणायची, "मळ्यावर सगळ्यात जास्त राबतो तो हा हंडा, आणि याला एकदासुद्धा चाबूक बसला नाही. काय नशीब काढलंय मेल्याने!" माझं एवढं कौतुक पुढे कुणी केलं नाही.

माझ्यावर हुकूम चालायचा तो डॉर्कासचा. डॉर्कास म्हणजे मळ्याची धोबीण. उंच, हडकुळी, हात साबणाने सोललेले. तिला लेआ नावाची बारा वर्षांची मुलगी होती, बाकी कुणी नव्हतं. डॉर्कास लांब काठीने कपडे ढवळायची आणि ढवळता ढवळता ओठातल्या ओठात काहीतरी बोलायची. मला वाटायचं, बाई स्वतःशी भांडतेय. नंतर उमजलं की ती गोष्टी रचत होती. एखादं वाक्य जमलं नाही की काठी थांबायची, जमलं की पुन्हा फिरायची. लिहायला-वाचायला शिकलेल्या गुलामाची पाठ सोलून काढत, तेव्हा कागदाचा प्रश्नच नव्हता. सगळं डोक्यात.

आणि माझं खरं काम रविवारचं. रविवारी दुपारी मालक चर्चमधून येऊन, जेवून, घोरत पडायचा. तेव्हा ही माणसं एकेक करून ओढ्यापलीकडच्या खोलगट रानात जमायची. मिंगोकाका मला खांद्यावर घालून न्यायचे. हे खेचरांकडे बघणारे म्हातारे, बायको गेलेली, मूलबाळ नाही. तिथे मला पालथं घालायचं आणि काठाखाली एका बाजूला दगड सारून फट ठेवायची. समज असा, की बोललेलं सगळं त्या फटीतून हंड्यात शिरतं आणि तिथेच राहतं, बाहेर कुणाच्या कानावर जात नाही. त्यांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली रीत. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, तशा माझ्यावर गोष्टी ओतल्या गेल्या. दगड सारायचा मान मिंगोकाकांचा. तेवढाच त्यांचा मान. कारण गोष्ट सांगायला बसले की लोक उठून जायचे.

"काका, तुमची ती खेचराची गोष्ट नको हं," फिबी मावशी म्हणायची. "मागच्या वेळी ऐकता ऐकता खेचरच मेलं कंटाळून."

"ते म्हातारं होतं," काका म्हणायचे.

"ऐकण्याआधी तरुण होतं!"

मग सगळी हसायची, काकाही हसायचे, आणि डॉर्कासकडे वळून म्हणायचे, "चल पोरी, तू सुरू कर. आपल्या ससाण्याला आज भूक लागली असेल."

ससाण्याची गोष्ट डॉर्कासने दोन हिवाळे खपून रचली होती. थोडक्यात सांगतो, कारण तिच्यासारखी मला येणार नाही. एक ससाणा रानातल्या पाखरांकडून पिसं घ्यायचा. घरटं ऊबदार करायला रोज प्रत्येकाचं एक पीस. पाखरं थंडीत कुडकुडायची आणि हा पिसांत लोळायचा. वर म्हणायचा, "मी आहे म्हणून तुम्ही आहात!" एके दिवशी एक नखाएवढी पिटुकली चिमणी त्याच्या घरट्यासमोर जाऊन बसली. म्हणाली, "धनी, पिसं कुणाची?" ससाणा म्हणाला, "माझी." चिमणी म्हणाली, "मग त्यांना हाक मारा बघू. आपली वस्तू आपली हाक ओळखते." ससाण्याने हाक मारली, एक पीस हललं नाही. मग चिमणीने आपलं गाणं म्हटलं, तर तिचं पीस घरट्यातून उडून तिच्या अंगावर येऊन बसलं. ते पाहून कबुतर गायलं, मग कावळा, मग घुबड. ज्याचं गाणं त्याची पिसं. शेवटी ससाणा उघड्या काटक्यांवर बसून राहिला.

आता यात एक गंमत होती. हॅस्केल मालकाला बोलण्याआधी खाकरायची सवय होती. "ख्र्रं-हं!" करून, हनुवटी वर करून मग बोलायचा. आणि "मी आहे म्हणून तुम्ही आहात" हे त्याचंच पेटंट वाक्य. मक्याचं पीठ आणि काकवी वाटताना दर आठवड्याला ऐकवायचा. डॉर्कासचा ससाणा अगदी तसाच खाकरायचा. तो खाकरला की लोक तोंडात फडकी कोंबून हसायचे. आठवडाभर मान खाली घालून वावरणारी ती माणसं तेवढा वेळ मला ओळखूच यायची नाहीत.

तर एका रविवारी मिंगोकाकांना उशीर झाला. एक खेचर लंगडत होतं. घाईघाईत मला घेऊन आले आणि दगड शोधायला लागले, तर पालापाचोळ्यात दगड सापडेना. तिकडून फिबी मावशी ओरडली, "काका, या की! ससाणा खाकरला पण!" गोष्ट चुकू नये म्हणून काकांनी मला तसंच सपाट टेकवलं आणि ते जाऊन बसले.

त्याच दुपारी मालकाचा लाडका शिकारी कुत्रा पट्टा तोडून पळाला होता. मालक झोप मोडून, शिव्या घालत, त्याच्या मागावर निघाला आणि झाडीपलीकडे येऊन पोचला. त्याला काय ऐकू आलं? त्याचाच आवाज. "ख्र्रं-हं! मी आहे म्हणून तुम्ही आहात!" आणि वर खसखस.

तो झाडी सारून आत आला तेव्हा सगळी खाली माना घालून भजन म्हणत होती. कोण बोललं ते त्याने पाहिलं नव्हतं. बाई की बुवा, तेही त्याला सांगता येईना, कारण त्याने ऐकला होता तो स्वतःचा आवाज.

"कोण सांगत होतं गोष्ट?"

"गोष्ट?" फिबी मावशीने डोळे मोठे केले. "कसली गोष्ट, मालक? आम्ही देवाचं नाव घेत होतो."

मालक चिडला की लाल व्हायचा, त्या दिवशी पांढरा पडला. म्हणाला, "उद्या दुपारी सगळे अंगणात. एकेकाने ही गोष्ट मला सांगायची. मला तोंड दिसलं नाही, पण ज्याने रचली त्याच्या तोंडी ती जिवंत असणार. मी बरोबर ओळखीन. शनिवारी व्यापाऱ्याची गाडी अलाबामाला चाललीये. तो त्या गाडीत."

अलाबामाला गेलेलं कुणी परत आलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखा आगीवर होतो. डॉर्कास काठी धरून उभी होती, पण ढवळत नव्हती. फिबी मावशी राख घ्यायच्या निमित्ताने आली.

"वाईट सांग," ती म्हणाली. "ठार मार त्या गोष्टीला. मेलेलं मांजर फरफटत न्यावं तशी सांग."

"मावशी, मला वाईट सांगता येत नाही."

"काय शहाणी आहेस! सगळं जग वाईट सांगतं. आपले मिंगोकाका तर जन्मभर सांगतायत."

"तोंड उघडलं की तो खाकरा आपोआप येतो गं. मला थांबवताच येत नाही."

"मग तोंड उघडलंस की लेआकडे बघ," फिबी मावशी म्हणाली. "आपोआप थांबेल."

चादरी जास्त शिजल्या त्या दिवशी.

दुपारी अंगणात सगळी रांगेत उभी राहिली. मालक व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला, टल मुकादम मागे उभा. मी थोडा पलीकडे, मला सगळं दिसत होतं.

पहिला नांगऱ्या आला. म्हणाला, "एक कोंबडा होता."

"कोंबडा? ससाणा होता!"

"असेल मालक. माझ्या बाजूने कोंबडा दिसला."

दुसऱ्याने त्यात कासव घातलं. तिसरी रडायलाच लागली. फिबी मावशीने अशी सांगितली, की आधी ससाण्याला गरम पाण्यात बुडवायचं म्हणजे पिसं सुटतात, मग मीठ चोळायचं. मालकाने तिला हाकलली. प्रत्येकाच्या तोंडी गोष्ट निराळी होत होती आणि मालक जास्त जास्त गोंधळत होता. शेवटी डॉर्कासची पाळी आली.

ती पुढे झाली. तिने लेआकडे पाहिलं. मग जमिनीकडे बघत म्हणाली, "एक ससाणा होता. त्याच्याजवळ पिसं होती. मग एक चिमणी आली. तिने... तिने काहीतरी म्हटलं. मग पिसं गेली."

"बस?" मालक म्हणाला.

"बस, मालक."

टलने जांभई दिली. मालकाने माशी हाकलावी तसा हात हलवला. डॉर्कास वाचली. ती मागे गेली आणि लेआच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. दोन हिवाळे मी त्या गोष्टीचं एकेक वाक्य तयार होताना ऐकलं होतं. वाचल्याचा आनंद तिच्या तोंडावर मुळीच नव्हता. स्वतःच्या हाताने घरचं माणूस पुरून यावं तशी ती दिसत होती. मला वाईट वाटलं, बिडाला वाटतं तेवढं.

खरं म्हणजे इथे सगळं संपायला हवं होतं. पण मालक म्हणाला, "कुणी कबूल होत नसेल, तर मी माझ्या मर्जीने कुणाला तरी निवडतो. ती पोरगी चालेल व्यापाऱ्याला." आणि त्याने बोट केलं ते लेआकडे.

डॉर्कासने तोंड उघडलं. पण तिच्याआधी रांगेच्या टोकाकडून आवाज आला.

"माझी पाळी राहिलीये, मालक."

मिंगोकाका. दोन-तीन जणांनी तर सवयीने मान वळवून घेतली, इतकी त्यांच्या गोष्टींची ख्याती. काका अंगणाच्या मध्यात आले. खेचरांच्या वासाची टोपी काढून त्यांनी कमरेला खोचली. पाय जरा फाकवले, हनुवटी वर केली.

"ख्र्रं-हं!"

मित्रांनो, मालक खुर्चीत दचकला. एक क्षण त्याला वाटलं असावं की आपणच खाकरलो.

आणि मग काकांनी गोष्ट सांगितली. जन्मभर दगडासारखी गोष्ट सांगणारा तो माणूस! ससाणा झाला तेव्हा त्यांचे खांदे वर आले. चिमणी झाले तेव्हा ते दोन बोटांवर उभे असल्यासारखे हलके झाले. खेचरांना शीळ घालून घालून तयार झालेले ओठ, त्यांतून कबुतर आलं, कावळा आला, घुबड आलं. "मी आहे म्हणून तुम्ही आहात!" म्हणताना त्यांनी हात असा फिरवला, की टल मुकादमाला फस्सकन हसू फुटलं आणि ते लपवायला त्याला खोकावं लागलं. शेवट तर काकांनी पदरचा घातला. ससाणा ओरडतो, "या रे परत! मला थंडी वाजते!" आणि चिमणी लांबून म्हणते, "थंडी वाजते? मग स्वतःची पिसं फुगव की बाबा. तुलाही देवाने दिलीयेत."

कुणीतरी हसलं. मग सगळं अंगण हसलं. मालकासमोर, दिवसाढवळ्या, तोंडात फडकं न कोंबता. असं हसणं त्या अंगणाने आधी कधी ऐकलं नव्हतं.

मालक उठला. "हाच," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

शनिवारी गाडी निघायच्या आधी काका माझ्याकडे आले. डॉर्कास काठी घेऊन उभी होती.

"काका, काय केलंत हे?" ती म्हणाली.

"दगड लावला नव्हता गं मी," काका म्हणाले. "घाईत हंडा सपाट टेकवला. आवाज आत गेला नाही, बाहेर गेला. माझ्या चुकीपायी तुझं लेकरू गाडीत बसलं असतं तर मी खेचरांना तोंड दाखवलं असतं का?"

डॉर्कास रडत होती. काका घोटाळत उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "कशी झाली?"

"काय?"

"गोष्ट. दोघा खेचरांना त्या रविवारी रात्रभर सांगून पाठ केली. ती मान हलवत होती, पण खेचरांचं काय खरं? तू सांग."

डॉर्कासने डोळे पुसले. खोटं कौतुक करणाऱ्यातली ती नव्हती. "कबुतराच्या जागी जरा घाई केलीत," ती म्हणाली. "बाकी, काका... माझ्यापेक्षा चांगली झाली."

"आणि तो खाकरा?"

"मालकाला स्वतःला नाही येत तसा."

काका इतके खूश झाले, की टलने हाक मारली ती त्यांना ऐकूच आली नाही. दुसऱ्यांदा मारावी लागली.

मी तेव्हा आगीवर होतो, पोटात चादरी उकळत होत्या. मला तोंड आहे, चांगलं हातभर रुंद, पण त्यातून शब्द येत नाही. आला असता तर एवढंच म्हटलं असतं, की काका, दगडाने काही होत नाही. मी एकही आवाज कधी गिळलेला नाही, फट असो वा नसो. मालक कुत्र्यामागे आला होता, दगड लावला असता तरी आलाच असता. तुमची चूक नव्हती. पण काका ती चूक आपली समजून गाडीत बसले आणि गाडी गेली. पुढे त्यांचं काय झालं ते मला ठाऊक नाही. हंड्याला निरोप कोण धाडणार?

त्यानंतर रविवारी दगड सारायचं काम डॉर्कासने स्वतःकडे घेतलं. गोष्टी थांबल्या नाहीत. ससाण्याची गोष्ट मात्र आता काकांच्या शेवटासकट सांगायची पद्धत पडली.

मग लढाई झाली, गुलामी उठली. माणसं मला उलथं न घालता, झाडाखाली, मोठ्याने गोष्टी सांगू लागली. डॉर्कासचे शेवटचे दिवस चांगले गेले. पुढे लोखंडी पत्र्याचे हलके टब आले, मला कुणी विचारीना. बरीच वर्षं मी गोठ्यामागे गंजत पडलो होतो, बेडूक राहायचे माझ्यात.

तेव्हा एक सूटबूटवाले गृहस्थ वही घेऊन गोष्टी गोळा करत आले. लेआ आता केस पिकलेली बाई होती. तिने ससाण्याची गोष्ट सांगितली, खाकऱ्यासकट. गृहस्थ पोट धरून हसले. मग त्यांनी विचारलं, "ही रचली कुणी?"

लेआचा चेहरा एकदम बंद झाला. गुलामी उठून कितीतरी वर्षं झाली होती. पण तोच प्रश्न पुन्हा एका गोऱ्या माणसाने त्याच अंगणात विचारला होता. ती खाली बघत म्हणाली, "कुणास ठाऊक, साहेब. अशीच ऐकलेली."

गृहस्थांनी तसं लिहून घेतलं. आता मालकाचं हे जुनं घर बघायला येणाऱ्यांना एक मुलगी माहिती सांगते, ससाण्याची गोष्टही छान सांगते बिचारी, आणि रोज शेवटी म्हणते, "कर्ता अज्ञात." मी फुलं डोक्यावर घेऊन ते ऐकत असतो.

मित्रांनो, मला घासा-पुसा म्हणून मी हे सांगितलं नाही. रंग उडाला तरी माझं काही अडत नाही. जपायचंच असेल तर वेगळं काहीतरी जपा. ज्यांनी गोष्टी रचल्या त्यांना नाव लपवावं लागलं, कारण नाव कळलं की गाडी यायची. आता गाडी येत नाही. तेव्हा ही गोष्ट पुढे कुणाला सांगाल, तर आधी घसा साफ करा आणि मोठ्याने सांगा, की ही डॉर्कासने रचली, आणि ती आपलीच आहे असं सांगून मिंगो अलाबामाला गेला.